पाच भाषा येतात, कोडिंग जेमतेम. सीटीएफमध्ये (सायबर सुरक्षेची कोडी सोडवायच्या स्पर्धांत) किंवा सैन्याच्या गुप्त संदेशांच्या कामात उपयोग होईल का?

मराठी, हिंदी, इंग्रजी, कन्नड आणि थोडी जर्मन असं तुम्ही लिहिलंय. उपयोग होईल, पण तुम्हाला वाटतंय तिथे नाही. भाषा येते म्हणून सांकेतिक संदेश फुटत नाही.

लहानपणी चची भाषा बोलला असालच. ‘मी जाते’चं ‘चीम चातेज’. मराठी माणसाला ती दोन दिवसांत उलगडते. मराठी न येणाऱ्यापुढे मात्र दोन कुलपं असतात. अमेरिकेच्या मरीन दलाने १९४२ मध्ये हीच युक्ती केली. नॅव्हाहो या तिथल्या मूळ जमातीच्या २९ तरुणांनी आपल्या भाषेतल्या शब्दांचा संकेतकोश रचला: रणगाडा म्हणजे कासव, हातबॉम्ब म्हणजे बटाटा, पाणबुडी म्हणजे लोखंडी मासा. फिलिपिन्समध्ये जपान्यांच्या हाती लागलेल्या एका नॅव्हाहो सैनिकाचा त्यांनी छळ केला, संदेश ऐकवले. भाषा त्याच्या आईची, शब्द ओळखीचे, तरी त्याला काही अर्थ लागेना. कारण संकेत त्याला कुणी शिकवलेलाच नव्हता. नुसती अनोळखी भाषा वापरून भागलं असतं, तर हा माणूस सापडल्यावर सगळंच उघडं पडलं असतं.

आता उलटी बाजू. त्याच वर्षी ब्रिटिशांना जपानी वाचणारी माणसं कमी पडत होती. त्यांनी बेडफर्डला सहा महिन्यांचा वर्ग काढला आणि त्यात लॅटिन-ग्रीक शिकणारी कॉलेजची पोरं भरली. जपानीचा गंध नसलेली! पण प्रत्यय, विभक्ती, शब्दांची उलथापालथ यांना न घाबरणारी. ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत फोडायच्या केंद्रात जपानीवर काम केलेले जॉन चॅडविक पुढे मायकल व्हेंट्रिसबरोबर लिनिअर बी या प्राचीन ग्रीक लिपीच्या उलगड्यात होते. तेव्हा भाषा किती येतात यापेक्षा भाषेचं यंत्र कसं चालतं हे कळणं तिथे जास्त कामाचं होतं.

सीटीएफचं सांगायचं तर क्रिप्टोच्या, म्हणजे संकेत फोडायच्या, कोड्यांत आज बहुतेक गणितच असतं, तिथे तुमची कन्नड चालणार नाही. ओसिंटमध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या माहितीवरून शोध घ्यायच्या कोड्यांत, चालेल. एका स्पर्धेत आम्हाला धूसर फोटो दिला होता, जागा ओळखायची होती. पाटी देवनागरीत, म्हणून टीममधले दोघे उत्तर भारत धुंडाळत बसले. मला पाटीवर ‘ळ’ दिसला. बहुधा मराठी नाहीतर कोंकणी, एवढ्यावर शोध निम्म्याहून कमी झाला. (बाकीची अक्कल त्या दिवशी मी पाजळली नाही, हेही कबूल करतो.)

खऱ्या हल्ल्यांतही हे लागतं. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या संगणक अडकवून पैसे मागणाऱ्या हल्ल्याची खंडणीची चिठ्ठी २८ भाषांत होती. भाषा जाणणाऱ्यांनी ताडून पाहिलं: चिनी चिठ्ठी माणसाने लिहिलेली वाटत होती, इंग्रजीत एक ढोबळ चूक होती आणि बाकीच्या बहुतेक चिठ्ठ्या इंग्रजीवरून यंत्राने केलेल्या. एवढ्यावरून चोर चिनी ठरवणारे मात्र घाईत होते. २०१८ मध्ये अमेरिकेने आरोप ठेवला तो उत्तर कोरियाच्या एका प्रोग्रॅमरवर.

सैन्याकडेच जायचं मनात असेल तर दिल्लीतल्या संरक्षण मंत्रालयाच्या स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेसची माहिती काढा. ती १९४८ पासून आहे. शेजारी देशांची भाषा शिका. जर्मन घरी ठेवलीत तरी चालेल.

हे सगळं बायोडेटात लिहावं का, हेही विचारलंत. सीटीएफचं बिनधास्त लिहा. स्पर्धा संपली की कोडं कसं सोडवलं याचा राइटअप टाकायची तिथे पद्धतच आहे, आणि नोकरी देणारे तो वाचतात. गुप्त कामाचं तसं नसतं. नॅव्हाहो सैनिक १९४५ मध्ये घरी परतले, पण संकेताची गुप्तता उठली १९६८ मध्ये. तोवर लढाईत काय केलं हे त्यांना घरीसुद्धा सांगता येत नव्हतं.