सांगा ताई: चिनी मुलीचे ५३० गुण

प्रश्न: इचलकरंजीत माझा रेपिअर मागांचा कारखाना आहे. सुटे भाग चीनमधल्या शाओशिंगच्या एका पुरवठादाराकडून येतात. तिथली सेल्सची मुलगी मेल इतके झकास लिहिते की आमच्या कॉन्व्हेंटच्या भाच्यानं शिकून घ्यावं. पण फोनवर ‘येस, येस, ओके’च्या पुढं गाडीच सरकत नाही. परवा ग्रिपर (मागात धागा पकडणारा भाग) पन्नास सांगितले, आले पंधरा. मी जरा आवाज चढवला, तर तिचा मेल आला, ‘मला सीईटी-६ मध्ये ५३० गुण आहेत.’ ही आपल्या इंजिनीअरिंग प्रवेशाचीच सीईटी का? ७१० पैकी ५३० म्हणजे पंच्याहत्तर टक्के झाले की! मग बोलायला काय होतं?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: नाही हो दादा, ती सीईटी म्हणजे ‘कॉलेज इंग्लिश टेस्ट’, तिचा आपल्या सीईटीशी काही संबंध नाही. इंग्रजी हा मुख्य विषय नसलेल्या कॉलेजच्या मुलांसाठी चीन सरकार ही परीक्षा घेतं, दरवर्षी जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. तिच्या दोन पातळ्या: चौथी १९८७ साली सुरू झाली, सहावी, म्हणजे तुमच्या मुलीची सीईटी-६, १९८९ साली. चौथीत ४२५ मिळाले की सहावीला बसता येतं. २००५ पासून पास-नापास काढून टाकलं, पण ४२५च्या खाली गेलेलं पोर घरी फोन करायला आजही कचरतं.

टक्के मात्र काढू नका. गुण २२० ते ७१०च्या पट्टीवर बसवलेले असतात. आधी निवडलेल्या एका गटाची सरासरी ५०० धरून तिच्याशी प्रत्येकाची तुलना होते. सहावीसाठी तो गट पाच नामांकित विद्यापीठांतल्या मुलांचा आहे. त्यांच्यात तुमची ही मुलगी साधारण दोन-तृतीयांश जणांच्या पुढे निघाली. हुशार आहे हो ती!

आता बोलण्याचं. मी नानजिंगला भाषा शिकत होते, तेव्हा आमच्या वसतिगृहातल्या मुली डिसेंबर जवळ आला की कानाला हेडफोन लावूनच जेवायच्या. साधा हेडफोन चालत नाही, एफएम पकडणारा लागतो, कारण परीक्षेत ध्वनिफीत कॉलेजच्या रेडिओवरून लागते. आदल्या दिवशी सगळ्या जणी गच्चीवर, मैदानात, जिन्यात फिरून खरखर कुठे येत नाही ते बघायच्या. ऐकायला मिळतं एकदाच. ते संपलं की पर्यवेक्षक पहिली उत्तरपत्रिका काढून घेतात. उत्तराचा गोल तोवर काळा केला नसेल तर तो प्रश्न गेलाच. ऐकणं आणि वाचणं प्रत्येकी ३५ टक्के, निबंध १५, भाषांतर १५. २०१३च्या अखेरीपासून भाषांतराला चिनी संस्कृतीवरचा अख्खा उतारा येतो. २०१६च्या जूनमध्ये चौथीला वेइफांगचे पतंग, कुंग फू आणि वूझेन गाव असे विषय होते. पतंगाच्या कामट्यांना इंग्रजीत काय म्हणतात हे तिला तोंडपाठ असेल!

तोंडी परीक्षा या गुणांत नाहीच. ती वेगळी, संगणकावर, ज्याला हवी त्यानं द्यायची. बहुतेक जण त्या वाटेला जात नाहीत. नोकरी देणाराही लेखीचा आकडाच विचारतो, मग पोरं तरी कशाला घाम गाळतील? म्हणजे तिचे मेल हीच तिची खरी तयारी आहे. फोनचा सराव तिला कुणी दिलेलाच नाही. त्यातून तिचा कान तयार झालाय ब्रिटिश-अमेरिकन आवाजांवर. आपलं इचलकरंजीचं इंग्रजी, मागे मागांचा खडखडाट, वर चढलेला आवाज! इंग्रजीतले ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ तर आपल्या-आपल्यातसुद्धा गोंधळ घालतात.

तेव्हा फोन करायच्या आदल्या दिवशी यादी मेलनं पाठवा. फोनवर आकडा सुटा सांगा, ‘फाइव्ह, झीरो’. फोन संपला की ‘काय ठरलं ते लिहून पाठव’ म्हणा. तिचं उत्तर आल्याशिवाय पैसे सोडू नका. आणि उरलेले पस्तीस ग्रिपर मागवताना मेलच्या सुरुवातीला ५३० बद्दल अभिनंदन जरूर लिहा. पुढच्या खेपेला भाव थोडा उतरला, तर मला कळवा.