प्रोसेसर मोठा, कार्ड लहान : एका कोटेशनची तपासणी

प्रश्न : माझी मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती ‘व्हॅलोरंट’ हा संगणकावरचा खेळ खेळते आणि शनिवार-रविवारी यूट्यूबवर खेळाचे थेट प्रक्षेपण करते. मात्र प्रक्षेपण सुरू केले की तिचा जुना लॅपटॉप अडखळतो. म्हणून सुटे भाग जुळवून डेस्कटॉप करून घ्यायचे ठरले आहे. दुकानदाराने दिलेल्या कोटेशनमध्ये इंटेल कोअर आय७-१४७००एफ प्रोसेसर, १६ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि काचेच्या, रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटसोबत येणारा ४५० वॉटचा एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा खोका) आहे. ‘स्ट्रीमिंगला प्रोसेसरच दणकट लागतो, कार्ड काय, पुढे बदलता येईल,’ असे त्यांचे म्हणणे आहे. ही यादी घ्यावी का? आमच्याकडे वीजही वरचेवर जाते.
(एक पालक, अकोला)

उत्तर : हे कोटेशन आहे तसे स्वीकारू नये. दुकानदाराचे म्हणणे एके काळी खरे होते. खेळाचे चित्र प्रक्षेपणासाठी सतत आकुंचित करत राहावे लागते, त्याला एन्कोडिंग म्हणतात, आणि हे काम पूर्वी ‘एक्स२६४’ या सॉफ्टवेअरमार्फत प्रोसेसरवरच होत असे. साहजिकच खेळ आणि एन्कोडिंग या दोघांना पुरून उरेल एवढा मोठा प्रोसेसर घ्यावा लागे. आता एनव्हिडिया या कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांमध्ये एनव्हेंक नावाचा स्वतंत्र परिपथ असतो. २०१८ मध्ये आलेल्या ट्युरिंग पिढीपासून त्याचा दर्जा इतका सुधारला, की घरून प्रक्षेपण करणाऱ्याने प्रोसेसरवर एन्कोडिंग करण्याचे सहसा कारण उरले नाही. गंमत अशी की, आपल्या यादीतले २०१९ चे जीटीएक्स १६५० नावाने ट्युरिंग पिढीतले असले, तरी त्याच्या मूळ आवृत्तीत एन्कोडर मागच्या पिढीचा बसवलेला होता. शिवाय त्याची स्मृती ४ जीबीच आहे. ज्या भागावर खेळ आणि प्रक्षेपण दोन्ही अवलंबून आहेत, नेमका तोच भाग या यादीत सर्वांत दुबळा आहे.

‘कार्ड पुढे बदलता येईल’ हे वाक्य फसवे आहे. मूळ १६५० ला मदरबोर्डच्या खाचेतून मिळणारी ७५ वॉट वीज पुरते. त्यापुढचे दमदार कार्ड लावायचे, तर त्याला सहसा एसएमपीएसकडून वेगळी आठ पिनांची जोडणी लागते, आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या निनावी एसएमपीएसवर तो भार टाकणे मी कुणालाही सुचवणार नाही. म्हणजे पुढे कार्डासोबत एसएमपीएसही बदलावा लागेल. प्रोसेसरच्या नावातले शेवटचे ‘एफ’ हे अक्षरही लक्षात घ्यावे. त्याचा अर्थ प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, त्यामुळे इंटेलची क्विक सिंक ही एन्कोडिंगची सोयही नाही. कार्ड दुरुस्तीला गेले, तर पडद्यावर काहीच दिसणार नाही.

माझी सूचना उलट्या क्रमाची आहे. प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन ५ ७६०० घ्यावा. त्याला सहा कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे गाभे) आहेत, अंगभूत ग्राफिक्स आहे आणि कूलर खोक्यातच मिळतो. ‘व्हॅलोरंट’ हा खेळ कार्डापेक्षा प्रोसेसरवर अधिक विसंबून असतो हे खरे असले, तरी त्याला कोटेशनमधल्या आय७ चे वीस कोअर लागत नाहीत. हा प्रोसेसर मदरबोर्डवरच्या एएम५ सॉकेटमध्ये (प्रोसेसरच्या खाचेत) बसतो, म्हणून दोन-तीन वर्षांनी गरज वाटल्यास बायोस (मदरबोर्डचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून त्याच मदरबोर्डवर रायझन ७ ७८००एक्स३डीसारखा आठ कोअरचा प्रोसेसर बसवता येईल. ‘पुढे बदलू’ म्हणायचे तर ते इथे शोभते. वाचलेले पैसे आरटीएक्स ५०६० या कार्डात घालावेत, आणि ‘व्हॅलोरंट’पलीकडचे जड खेळ खेळायचा विचार असेल, तर ५०६० टीआयच्या १६ जीबी आवृत्तीत.

रॅम एकच मोठी घेण्याऐवजी निम्म्या क्षमतेच्या दोन घ्याव्यात, कारण दोन वाहिन्यांतून माहितीची ने-आण झाली की प्रोसेसरला थांबून राहावे लागत नाही. १६ जीबीच्या दोन हे उत्तम. पण २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती अतोनात वाढल्या, त्यामुळे हात आखडता घ्यावा लागला, तर ८ जीबीच्या दोन लावून चालवावे. चार खाचांच्या मदरबोर्डावर या दोन रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात आणि बायोसमध्ये जाऊन एक्स्पो हा पर्याय चालू करतात. तो चालू केला नाही, तर ६००० वेगाची म्हणून घेतलेली रॅम त्याहून कमी वेगाने चालत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. डीडीआर५ रॅमचा संगणक पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळाच राहतो, कारण मदरबोर्ड त्या वेळी रॅमशी जुळवून घेत असतो. माझ्या भाच्याने या अवस्थेत घाबरून तीनदा वायर उपटली आणि तीनदा ती प्रक्रिया पहिल्यापासून सुरू झाली. चौथ्यांदा तो चहा करायला गेला, आणि परत येईतो संगणक सुरू झाला होता.

आता विजेविषयी सविस्तर, कारण अकोल्यात हाच प्रश्न महत्त्वाचा ठरेल. या जुळणीत प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो, कार्ड १४५ वॉट, आणि मदरबोर्ड, पंखे, एसएसडी यांचे पन्नास-साठ धरले, तर बेरीज तीनशेच्या आत राहते. त्यामुळे ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ प्रमाणित आणि किमान पाच वर्षांच्या वॉरंटीचा एसएमपीएस पुरेसा आहे. ७५० वॉटच्या आग्रहाला बळी पडण्याचे कारण नाही. यूपीएस घेताना मात्र व्हीए आणि वॉट यांत गल्लत करू नये. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो, आणि मॉनिटरसह आपला भार त्याच्या काठावर जातो. ११०० व्हीएच्या आसपासचा घ्यावा आणि वायफाय राउटरही त्यालाच जोडावा. नाहीतर वीज गेल्यावर संगणक चालू राहील, पण प्रक्षेपण बंद पडेल. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर दोष बहुधा खोलीतल्या अर्थिंगचा असतो. वायरमनला बोलावून ते तपासून घेतल्याशिवाय नवा संगणक तिथे जोडू नये.

पुढची बाजू काचेने बंद असलेले कॅबिनेटही आपल्या गावाला मानवणारे नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात असताना आत येणारी हवाच गरम असते, तिला निदान मोकळी वाट तरी हवी. पुढे जाळी असलेले साधे कॅबिनेट घ्यावे आणि दर महिन्याला जाळी ब्रशने झाडावी. साठवणुकीसाठी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी पुरेल. १२ एमबीपीएस (सेकंदाला १२ मेगाबिट) दराने रेकॉर्ड केलेल्या चित्रफितीला तासाला सुमारे साडेपाच जीबी जागा लागते, असा हिशेब धरावा. मदरबोर्डवर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू करून घ्याव्यात, कारण विंडोज ११ वर ‘व्हॅलोरंट’ त्यांच्याशिवाय सुरू होत नाही. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहिलेले जीएसटीचे बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खरेदीपूर्वी मुलीला एक तपासणी करायला सांगावे. ओबीएस स्टुडिओ या प्रक्षेपणाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आकडेवारीची एक खिडकी असते आणि तीत वाया गेलेल्या फ्रेमांचे (चित्रफितीतल्या एकेका चित्राचे) तीन वेगळे आकडे दिसतात. चित्र रचताना गेलेल्या फ्रेमा कार्डावर भार असल्याचे सांगतात, एन्कोडिंगमध्ये गेलेल्या फ्रेमा एन्कोडर कमी पडल्याचे, आणि नेटवर्कवर गळालेल्या फ्रेमा इंटरनेटचा दोष दाखवतात. तिसराच आकडा वाढत असेल, तर लाखाचा संगणक घेऊनही अडखळणे थांबणार नाही. राउटरपासून संगणकापर्यंत शंभर-दोनशे रुपयांची लॅन केबल टाकून पाहावी. यूट्यूब १०८०पी ६० फ्रेमांच्या प्रक्षेपणासाठी १२ एमबीपीएसची शिफारस करते, तेव्हा अपलोडचा वेग २० च्या पुढे असलेला बरा. पहिला आकडा वाढत असेल, तर खेळाच्या फ्रेमांवर १४४ ची मर्यादा घालून पाहावी. कार्ड शंभर टक्के खेळातच गुंतले, तर ओबीएसला चित्र रचायला त्याचा वेळ मिळत नाही, आणि नवे कार्ड घेतल्यावरही ही मर्यादा ठेवावीच लागते.

प्रश्न : मी स्ट्रीमिंगसाठी महागडा कंडेन्सर मायक्रोफोन घेतला, तरी प्रेक्षक ‘पंख्याचा आवाज येतो’ म्हणून तक्रार करतात. पंखा बंद करून बसणे शक्य नाही. आता कॅप्चर कार्डही घ्यावे का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : कंडेन्सर मायक्रोफोन संवेदनशील असतो, म्हणून छतावरचा पंखा, खालचा रिक्षावाला आणि शेजारच्या कुकरची शिट्टी हे सगळे तो इमानाने टिपतो. आपल्या घरांत त्याहून कमी संवेदनशील असा डायनॅमिक मायक्रोफोन बरा. तो तोंडापासून चार बोटांवर, किंचित तिरका ठेवावा आणि त्याची ग्रहणक्षमता कमी करावी. तोवर हाताशी असलेलाच मायक्रोफोन टेबलावरून उचलून आर्मवर तोंडाजवळ आणावा आणि ओबीएसमधील आवाजाच्या फिल्टरांत गोंगाट कमी करणारा ‘आरएननॉइज’ हा पर्याय लावून पाहावा. कॅप्चर कार्ड प्लेस्टेशन, मोबाइल किंवा दुसऱ्या संगणकाचे चित्र आत घेण्यासाठी असते. खेळ आणि प्रक्षेपण एकाच संगणकावर होत असल्यास त्याचा काही उपयोग नाही.