पित्ताशय काढले, तरी पोट का दुखते?

"पित्ताशयच काढून टाकले, मग आता दुखते तरी काय?" हा प्रश्न समुपदेशन कक्षात मला वारंवार विचारला जातो. शस्त्रक्रिया चुकली असेल का, आत काही राहिले असेल का, की घरचे म्हणतात तसे हे सगळे मनाचेच आहे, अशी भीती त्यामागे असते. अशाच एका ताईंचा अनुभव, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, येथे सांगते.

दुर्बिणीने पित्ताशय काढून त्यांना आठ महिने झाले होते. बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून एक लहानशी प्लास्टिकची डबी काढून टेबलावर ठेवली. शस्त्रक्रियेनंतर नातेवाइकांच्या हाती देतात ते खडे तिच्यात होते. तपकिरी, तुरीच्या दाण्याएवढे. "सगळे खडे तर यात आहेत," त्या म्हणाल्या. सासूबाईंच्या मते पथ्य मोडल्याने दुखत होते, यजमानांच्या मते काळजी करण्याच्या सवयीने. पुन्हा सर्जनकडे जावे तर डॉक्टरांना दोष दिल्यासारखे होईल, या संकोचाने ताई घरीच सोसत होत्या. मला त्या संकोचाचीच अधिक काळजी वाटली.

निदान करणे माझे काम नाही. दुखणे नीट सांगता यावे म्हणून मदत करणे मात्र आहे. कोठे, केव्हा, किती वेळ, असे विचारत गेल्यावर त्यांच्या बोलण्यातून दोन निराळी दुखणी पुढे आली. एक रोजची जळजळ, छातीच्या खाली, उपाशीपोटी किंवा तिखट खाल्ल्यावर होणारी, आणि ती शस्त्रक्रियेच्या आधीपासूनची. आपण 'पित्त झाले' म्हणतो ते बहुधा जठरातल्या आम्लामुळे. पित्ताशयात साठते ते पित्त यकृतात तयार होते, आणि पित्ताशय काढल्यावरही यकृत ते तयार करतच राहते, फक्त साठवणीची जागा नसल्याने ते थेट आतड्यात उतरते. दोन्हींना शब्द एकच असल्यामुळे पित्ताशय गेले की पित्ताचा त्रासही जाणार, अशी समजूत होते, आणि जठराची सूज किंवा अल्सर असलाच तर तो शस्त्रक्रियेनंतरही तसाच दुखत राहतो.

दुसरी कळ महिन्या-दीड महिन्यातून, बहुधा रात्री, उजव्या बरगडीखाली उठून पाठीत जायची आणि तासाभराने शमायची. त्या वेळी लघवीचा रंग कसा होता, असे विचारल्यावर ताई जरा थांबल्या. "दोनदा काळ्या चहासारखी झाली होती. उन्हाळ्यात पाणी कमी पडले असेल, म्हणून कुणाला बोलले नाही."

त्याच दिवशी मी त्यांना सर्जनकडे नेले. रक्तात बिलिरुबिन, म्हणजे पित्तातले पिवळे रंगद्रव्य, वाढलेले निघाले; लघवी गडद झाली ती त्यामुळेच. सोनोग्राफीत पित्तनलिका रुंद दिसली, पण खडा दिसला नाही. नलिकेचे खालचे टोक आतड्यातील वायूमुळे पुष्कळदा झाकले जाते, आणि पित्ताशय काढल्यावर नलिका थोडी रुंद होणे स्वाभाविकही असते. एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेची एमआरआय तपासणी, केल्यावर खडा स्पष्ट दिसला. डबीतले खडे पित्ताशयातले होते. हा नलिकेत जाऊन बसला होता. पोटावर नवा छेद न घेता, तोंडावाटे दुर्बीण घालून, ईआरसीपी नावाच्या प्रक्रियेने तो काढण्यात आला.

सर्वांचेच कारण खडा नसते. एका बोटाने नेमकी जागा दाखवता येत असेल, आणि उताणे झोपून डोके उचलल्यावर तेथे दाबताच अधिक दुखत असेल, तर पोटाच्या भिंतीतील नस किंवा व्रणाजवळचा हर्निया यांचा विचार होतो. जेवल्यावर लगेच पातळ शौचास होत असेल, तर आतड्यात सतत उतरणारे पित्त कारण असू शकते, आणि त्यावर औषध आहे. पित्तनलिका अरुंद होणे क्वचित घडते, पण ते शोधावेच लागते. नलिकेच्या आतड्यातील तोंडाशी असलेल्या स्नायूचे (स्फिंक्टर ऑफ ओडी) नावही काही रुग्ण माहिती काढून येतात आणि तो कापून घ्यावा का, असे विचारतात. तपासण्या जवळजवळ निर्दोष असलेल्या रुग्णांना तो कापल्याने, कापल्याचा केवळ देखावा केलेल्या रुग्णांपेक्षा अधिक आराम पडला नाही, असे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत दिसले. शिवाय या प्रक्रियेने स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. म्हणून मी त्यांना घाई न करण्यास सांगते.

मात्र थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणे, गडद लघवी, पांढरट शौच किंवा न थांबणारी उलटी असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वरच्या पोटातील दुखण्याबरोबर घाम किंवा धाप असेल, तर दुखणे हृदयाचे तर नाही ना, हे पाहण्यासाठी आधी ईसीजी काढावा.

ताईंची रात्रीची कळ पुन्हा आली नाही. जळजळ अजून आहे आणि तिच्यासाठी जठराची दुर्बीण तपासणी ठरली आहे. त्या तपासणीसाठी त्यांनी जळजळ झाल्याची तारीख, वेळ आणि त्या दिवशीचे जेवण लिहिलेला कागद तयार ठेवला आहे, आणि या वेळी यजमानही बरोबर जाणार आहेत.