गेलीच आहेस तर

प्रिय मुली,

तुझी मेल परवा रात्री वाचली आणि काल दिवसभर वर्गात शिकवताना ती डोक्यातून हलली नाही. तिथे जर्मनीत साडेचारलाच अंधार पडतो, सेमिनारमध्ये तोंड उघडत नाही, मुलं भरभर बोलतात आणि आपण मान डोलावत बसतो. होस्टेलच्या कंपूने या शुक्रवारी प्राग ठरवलंय, पुढच्या आठवड्यात ॲम्स्टरडॅम, मग बुडापेस्ट. घरून आईबाबा म्हणतात, "गेलीच आहेस तर युरोप बघून घे." आणि शेवटी तू विचारतेस, "मॅडम, माझं काय चुकतंय?"

अजून काही चुकलेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी चुकेल. प्रागला जाऊ नकोस. हायडलबर्गमध्येच राहा.

जरा हिशेब कर. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, नाताळची सुट्टी वगळून, शिकवण्याचे जेमतेम पंधरा आठवडे. त्यातले चार गेले. सोमवार ते शुक्रवार तू वर्ग, लायब्ररी आणि मेन्सा, म्हणजे विद्यापीठाची खानावळ, एवढ्यातच असतेस. गावाची आणि तुझी गाठ पडणार ती शनिवार-रविवारीच, आणि नेमके तेच दोन दिवस तू रेल्वेला देणार? बरं, ज्यांच्याबरोबर जाणार ती मुलं स्पेनची, कोरियाची, ब्राझीलची. आपसात इंग्रजीच बोलणार. मग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तीन वर्षं जर्मन कशासाठी घोटलंस?

हे मी एवढ्या तोडून सांगते त्याला कारण आहे. 1998 च्या ऑक्टोबरमध्ये मी त्याच गावात उतरले. आमच्या घरातून परदेशी गेलेली मी पहिलीच. वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. ते स्वतः कधी विमानात बसले नाहीत, पण निघताना तेच वाक्य म्हणाले, "गेलीच आहेस तर…" तेव्हा शनिवार-रविवारचं एक स्वस्त तिकीट मिळायचं. एकाच तिकिटावर पाच जणांनी पॅसेंजर गाड्यांनी देशभर फिरायचं. पाच जण जमले की पैसे वसूल, त्यामुळे चौघं पाचव्याला सोडायचीच नाहीत. मी कायम ती पाचवी असायचे. सीमा ओलांडून पॅरिस, ॲम्स्टरडॅम, व्हिएन्नाही झालं. चौदा शहरं पाहिली. अल्बम अजून कपाटात आहे. त्यातल्या निम्म्या चर्चची नावं मला आज सांगता येणार नाहीत.

हांडशुह्सहाइमच्या भागात एका बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर मी राहायचे. दर शुक्रवारी त्या दार वाजवून विचारायच्या, "रविवारी चार वाजता कॉफीला येतेस?" मी बूट चढवत सांगायचे, या रविवारी नाही, गावाला चाललेय. पुढच्या रविवारी. असे किती पुढचे रविवार झाले ते मोजायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

फेब्रुवारीत निघायच्या आदल्या संध्याकाळी किल्ली द्यायला खाली गेले. तेव्हा प्रथमच त्यांनी मला बसवलं आणि विचारलं, तू शिकतेस तरी काय? म्हटलं, इतिहास. फाळणीत घरं सोडून आलेल्या माणसांवर काम करायचंय. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, मी ब्रेस्लाउची. 1945 च्या जानेवारीत, नऊ वर्षांच्या असताना, आईबरोबर बर्फातून चालत निघाल्या होत्या. बाबागाडीत धाकटा भाऊ, त्याच्याखाली अंथरुणं आणि चरबीचा डबा. तेव्हाचं ते जर्मन शहर पुढे पोलंडमध्ये गेलं. त्या दोन तास बोलल्या आणि मला अर्धंच कळलं. पाच महिने त्या देशात राहून अर्धंच! कारण माझं जर्मन वर्गातलं होतं. माणसाचा आवाज भरून आला की शब्द कसे तुटतात, ते मी कधी ऐकलंच नव्हतं. सकाळी फ्रँकफुर्टहून माझं विमान होतं.

याच विषयाचं लेक्चर त्याच सत्रात मी ऐकलं होतं. पूर्वेकडून हाकलले गेलेले एक कोटीहून जास्त जर्मन. बॉम्बहल्ल्यांतून बऱ्यापैकी वाचल्यामुळे हायडलबर्गमध्ये झालेली निर्वासितांची गर्दी. सगळं वहीत उतरवलं होतं. पेपरात 1.7 मिळाले. तिथे एक म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे नापास, म्हणजे चांगलेच मार्क. आणि तो इतिहास माझ्या पायाखालच्या मजल्यावर रविवारी चार वाजता कॉफी करून वाट बघत होता. नंतर सहा वर्षं नाताळची कार्डं येत राहिली. कार्डावर काय मावणार?

म्हणून म्हणते, राहा. तू ज्या दक्षिण आशिया संस्थेत जातेस, तिथलेच गुंथर सोंथायमर. त्यांनी मराठी शिकून आपल्या धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, खंडोबा आणि बिरोबावर आयुष्य घालवलं, 1992 मध्ये वारले तोवर त्याच वाड्या-वस्त्यांवर पुन्हा पुन्हा येत राहिले. हायडलबर्गच्या माणसाने भारत "बघून घ्यायचा" ठरवला असता तर ताजमहाल, जयपूर, वाराणशी करून परत गेला असता. जेजुरी त्याला कळली ती परत परत गेल्यामुळे.

माझे सहकारी गेली कित्येक वर्षं मला विचारतात, तू कोयनेच्या धरणग्रस्तांच्या एकाच वसाहतीत का अडकलीस? तौलनिक काम कर, दुसरी धरणं घे, दोन पेपर जास्त होतील. होतील ना. पण त्या वसाहतीतल्या एका आजींनी गाव बुडाल्याच्या दिवसाबद्दल पहिला शब्द काढला तो माझ्या तिथल्या कामाच्या अकराव्या वर्षी. दहा वर्षं त्या मला फक्त चहा द्यायच्या आणि पावसाचं बोलायच्या. दहाव्या वर्षी मी दुसऱ्या धरणावर गेले असते तर? मला हट्टी म्हणतात, म्हणोत. हायडलबर्गच्या त्या जिन्याखाली मी जे घालवलं, ते पुन्हा घालवायला मी तयार नव्हते, आणि हे मला कुणाला पटवून द्यायची गरज वाटत नाही. तुला मात्र पटायला हवं.

अंधाराचं म्हणशील, तर तो खरंच जड जातो, मलाही गेला. त्यासाठी दुपारी बारा ते दोनच्या मध्ये जुना पूल ओलांड, पायऱ्यांच्या वाटेने फिलॉसॉफनवेग या टेकडीवरच्या रस्त्यावर चढ. तो उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे, नोव्हेंबरातही तिथे ऊन लागतं. रोज जा. रोज त्याच वेळी येणारी माणसं दिसतील, आठवड्याने ती मान हलवतील, दोन आठवड्यांनी बोलतील.

सेमिनारमध्ये बोलता येत नाही म्हणतेस. वेळापत्रकात दहा लिहिलेलं असतं आणि वर्ग सव्वादहाला सुरू होतो, हे एव्हाना तुला कळलं असेल. ती पंधरा मिनिटं तू फोनमध्ये घालवतेस, हो की नाही? बरोबर दहाला जाऊन दाराशी उभी राहा. बोलायला तिथे शीक, आतलं आपोआप येईल. नामाआधीचं आर्टिकल चुकीचं लागलं म्हणून आजवर कुणी मेलेलं नाही.

आणि चालताना खाली बघ. फरसबंदीत तळहाताएवढे पितळी दगड बसवलेत, नाझींनी त्या त्या घरातून नेलेल्या माणसांच्या नावांचे. तुझ्या रस्त्यावरचा एखादा शोध. नाव, जन्मसाल, पुढे कुठे नेलं, एवढंच त्यावर असतं. बाकीचं शोधायला ग्रंथालय आहे, नगरपालिकेचं अभिलेखागार आहे. तुझा सत्राअखेरचा निबंध त्यातून निघाला तर मला फार आवडेल.

बाबांशी मी बोलते, ती चिंता तू करू नकोस. युरोप कुठे पळून जात नाही. नोकरीला लागशील, नवऱ्याबरोबर, मैत्रिणींबरोबर, एकटी, कशीही जाशील प्रागला. रविवारी दुपारी चार वाजता त्या गावात रिकामं बसणं मात्र तुला पुन्हा मिळणार नाही. कंपू रागावेल. रागावू दे. दोन शनिवार एकटीने काढावे लागतील, रडूही येईल. तेव्हा मला फोन कर, इथे रात्र झाली असली तरी कर.

या शनिवारी सकाळी बाजारात जा. आसपासच्या शेतांतून भाजी येते. या दिवसांत फेल्डसालाट नावाची बारीक पानांची भाजी असते, ती घे, आणि विकणाऱ्या बाईंना विचार की ती कशी निवडायची, कशी धुवायची. त्यांनी काय सांगितलं ते मला रविवारी लिहून पाठव. जर्मनमध्ये.

तुझी,
मॅडम