उत्तर: दुप्पट जाड कागद घेण्याआधी

तुम्ही लिहिलंय की पीव्हीसी पाइपच्या कमानींवर साधा पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून छोटा टनेल, म्हणजे रोपांसाठी बुटकं हरितगृह केलं, काही महिन्यांतच तो कमानींच्या रेषेवर फाटला, आणि त्याआधी एका थंड रात्री आतली टोमॅटोची रोपं काळी पडली. आता दुप्पट जाड कागद घ्यायचा विचार आहे. थांबा, इतक्यात घेऊ नका. माझ्याकडे हेच सगळं याच क्रमाने झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितेय. कमानी किती अंतरावर, खुंट्या किती खोल, हे तुम्हाला येतंच आहे, ते सोडून देते.

कागद जाडीमुळे टिकत नाही, त्यातल्या यूव्ही स्टॅबिलायझरमुळे, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून प्लास्टिकला वाचवणाऱ्या द्रव्यामुळे टिकतो. बांधकामावर अंथरतात तो २०० मायक्रॉनचा (०.२ मिलिमीटर जाडीचा) कागदही उन्हात एखाद्या हंगामात कडक होऊन तडकतो, आणि हरितगृहासाठी बनवलेला तेवढ्याच जाडीचा कागद साधारण तीन-चार वर्षं जातो. अडचण अशी की दोन्ही नवे असताना डोळ्यांना सारखेच दिसतात, हातालाही सारखेच लागतात.

मी विक्रेत्याला विचारलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. ‘यूव्हीवालाच आहे, बिनधास्त घ्या’ असं उत्तर मिळालं. पुढे ऐन बहरात कागद दुधट झाला, हात लावला की पापडासारखा कडकड वाजायला लागला आणि कमानींवरून उभा चिरत गेला. तक्रार केली तर विक्रेत्याने बनवणाऱ्यांकडे पाठवलं. त्यांच्या तक्रार विभागाने आधी फोटो मागितले, मग बिल मागितलं. बिलावर फक्त ‘पारदर्शक शीट, २०० मायक्रॉन’ एवढंच. यूव्हीचा उल्लेखच नाही, म्हणून हमी लागू नाही. मी पिच्छा सोडला नाही, तर मला विचारलं, आत गंधक फवारलं होतं का? नाही म्हटलं. तरी शेवटच्या पत्रात कारण लिहून आलं, ‘रसायनांचा संपर्क’. माझा कागद कुणी येऊन पाहिला नाही, तुकडासुद्धा मागवला नाही. गंधक आणि क्लोरीनवाल्या औषधांनी स्टॅबिलायझर खरंच लवकर मरतो, त्यामुळे भुरीसाठी (पानांवरच्या पांढऱ्या बुरशीसाठी) गंधक वापरत असाल तर हे लक्षात ठेवा. पण माझ्याकडे जे वापरलंच नाही ते माझ्या माथी मारून मोकळे झाले, याचा राग आजही आहे.

आणि नुकसान कागदाच्या पैशांचं नव्हतंच मुळी. कडक झालेला कागद काढताना त्याचे नखाएवढे तुकडे होतात आणि मातीत मिसळतात. पुढे कितीतरी काळ खुरपताना ते वर येत राहिले. तुमचा कागद अजून कमानींवर असेल तर वारा नसताना, सकाळच्या दवात ओला असताना, एका बाजूने गुंडाळत काढा. ओढू नका.

तर नवीन कागद घेताना ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ हे शब्द आणि किती वर्षांची हमी, हे बिलावर लिहून घ्या. लिहून देत नसतील तर तिथून घेऊ नका, मग कितीही स्वस्त असो. शक्य असेल तर मूळ गुंडाळीची कड बघा, चांगल्या मालावर जाडी आणि हमी बहुधा तिथेच छापलेली असते.

फाटणं कमानींच्या रेषेवरच का झालं? पीव्हीसीला टेकलेला पॉलिथिन कागद लवकर खराब होतो, शिवाय पाइप तापतो आणि तिथेच कागद भाजतो. पाइपच्या वरच्या बाजूला पाण्यात मिसळणारा पांढरा रंग द्या किंवा कापडी पट्टी गुंडाळा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता रोपांबद्दल. मोकळ्या आकाशाच्या, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता वर फेकत असते आणि साधं पॉलिथिन ती जवळजवळ अडवतच नाही. एका पातळ थराने एखाद-दोन अंशांचा फरक पडला तरी पुष्कळ. कधी कधी तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षाही खाली जातं. जाडी दुप्पट केल्याने यात काहीच बदलत नाही, मधे हवा असलेला दुसरा थर लागतो. माझं ठाम मत, हवं तर हट्ट म्हणा: जाड कागदाचे पैसे वाचवा आणि आत रोपांवर तारेच्या बुटक्या कमानी करून न विणलेल्या कापडाचं क्रॉप कव्हर टाका. चौरस मीटरला १७ ग्रॅमचं हलकं, ३० ग्रॅमचं जास्त ऊब देणारं. जाड कापड प्रकाशही जास्त खातं, म्हणून सकाळी काढायचं. पानं बाहेरच्या कागदाला टेकू देऊ नका, टेकलेली पानंच आधी जळतात.

पाण्याचे कॅनही ठेवा, काळे असतील तर उत्तम. २०० लिटर पाणी १० अंशांनी थंड होताना साधारण सव्वादोन युनिट विजेएवढी उष्णता देतं. हिशोब सोपा आहे आणि खर्च शून्य. शेगडी किंवा कोळसा मात्र बंद टनेलमध्ये कधीही ठेवू नका. आगीची भीती आहेच, विषारी वायूने माणूस जाऊ शकतो.

ज्याकडे कुणी लक्ष देत नाही ते म्हणजे दुपार. थंडीतही स्वच्छ ऊन असेल तर बंद टनेल सहज चाळिशीपार जातो. टोमॅटोचं परागण ३५ अंशांच्या पुढे बिघडायला लागतं, फुलं गळतात आणि आपण खताला दोष देतो. दोन्ही टोकं उघडता आली पाहिजेत आणि एक बाजू गुंडाळून वर घेता आली पाहिजे. ऊन चढायच्या आत उघडा, मावळायच्या आधी बंद करा म्हणजे दिवसाची ऊब आत राहते. पाणी सकाळीच द्या, संध्याकाळी ओली राहिलेली पानं म्हणजे बुरशीला आमंत्रण. आत वारा नसतो, त्यामुळे टोमॅटोचे फुलोरे दुपारच्या आधी टिचकीने हलवा. काकडी-भोपळा असेल तर मधमाश्यांसाठी उघडावंच लागेल.

हे सगळं कमरेएवढ्या उंचीच्या, छोट्या टनेलबद्दल आहे. मी अभियंता नाही. माणूस उभा राहील एवढं मोठं करायचं असेल किंवा तुमच्याकडे बर्फ साठत असेल, तर सांगाडा जाणकाराला दाखवा, पीव्हीसीवर विसंबू नका.

तुमच्या फोटोत कागदाच्या कडा विटांनी दाबलेल्या दिसताहेत. जोराच्या वाऱ्यात कमानीवरचा कागद वर उचलला जातो, विटा काही उपयोगाच्या नाहीत. दोन्ही बाजूंना वीतभर चर खणून कड त्यात पुरा आणि वरून दोरी नागमोडी आवळा. उघडायची बाजू तेवढी पुरू नका, तिला लाकडी पट्टी ठोका म्हणजे गुंडाळता येते. आणि रोपं नेमकी कुठली काळी पडली, कागदाजवळची की मधली, ते कळवा. मधलीही गेली असतील तर क्रॉप कव्हर ३० ग्रॅमचंच घ्या.