प्राइमा की सिग्ना? आधी नंबर वाचा

भाऊ, टाटाचे दोन ट्रक, प्राइमा ५५३०.एस आणि सिग्ना ५५३०.एस, बघून गोंधळणं साहजिक आहे. नंबर उलगडा: ५५ म्हणजे एकूण ५५ टन, ३० म्हणजे साधारण ३०० हॉर्सपॉवर, एस म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक, आपल्या भाषेत घोडा. दम सारखाच, खरा फरक केबिनचा.

नवे लोक इथे चुकतात:
- ५५ टन मालच भरता येईल असं समजतात. अहो, घोड्याचं आणि ट्रेलरचं वजन त्यातच आलं!
- केबिनवर भाळतात, हप्ता विसरतात.

लांबच्या फेऱ्या असतील तर प्राइमा बघा, ड्रायव्हर कमी थकतो. न्हावा शेवा-पनवेलसारख्या जवळच्या कंटेनर फेऱ्यांना सिग्ना पुरे. आधी ड्रायव्हरला दोन्हींत बसवून आणा.