जुन्या घरावर मजला चढवावा की पाडून नवीन बांधावं?

तुमचं घर कोथरूडमध्ये, १९८७ चं, दोन गुंठ्यांचा प्लॉट, खाली साडेआठशे फूट बांधकाम. मुलाचं लग्न ठरलंय, वर एक मजला हवाय. ठेकेदार म्हणतो १८ लाखांत वरचा मजला होईल, आर्किटेक्ट म्हणतो पाडून नवीन बांधा, ४० लाख लागतील. कोणाचं ऐकायचं, असा तुमचा प्रश्न आहे. दोघेही खोटं बोलत नाहीयेत, पण दोघांनीही आकडा अर्धाच सांगितलाय. आम्ही कर्वेनगरात हेच सगळं २०२२ मध्ये केलं. घर १९८४ चं, क्षेत्रफळ जवळजवळ तुमच्याएवढंच. त्यामुळे आकडे आमचे देतो. दर तेव्हाचे आहेत, आज वाढवून धरा.

आमच्या ठेकेदाराने २१०० रुपये फुटाने ८५० फुटांचे १७ लाख ८५ हजार सांगितले. झाले किती? खालच्या पाच कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे जुन्या कॉलमभोवती नवीन सळई आणि काँक्रीटचं वेष्टण, ४ लाख २० हजार. जॅकेटिंगसाठी खालची फरशी फोडली, ती पुन्हा बसवायला १ लाख ६०. बाहेरून जिना १ लाख ९०. जुनं वायरिंग नवा भार घेईना, ते बदलून थ्री फेज मीटर घ्यायला १ लाख ४०. नकाशा मंजुरी, शुल्कं आणि आर्किटेक्ट व स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी धरून २ लाख १०. एकूण २९ लाखांच्या वर. म्हणजे वरच्या मजल्याचा दर फुटाला ३४०० च्या घरात गेला.

पाडून बांधायचं अंदाजपत्रकही तेव्हाच करून घेतलं होतं. १७०० फूट, २४०० रुपये दर, म्हणजे ४० लाख ८०. त्याशिवाय पाडणं आणि राडारोडा उचलणं १ लाख (जुने सागवानी दरवाजे आणि सळई ठेकेदाराला देऊन हा आकडा एवढ्यावर आला), १४ महिन्यांचं भाडं तीन लाखांच्या वर, दोनदा सामान हलवणं, मंजुरीचे ४ लाख, फी २ लाख. बेरीज ५१ लाखांच्या पुढे. फुटाला साधारण ३००० रुपये. म्हणजे फुटाच्या दराने वाढीव बांधकामच महाग पडलं! पण खालचं साडेआठशे फूट आपल्याकडे आधीच असतं, म्हणून खिशातून जाणाऱ्या रकमेत २२ लाखांचा फरक राहतो. तेव्हा प्रश्न असा आहे की त्या २२ लाखांत तुम्ही काय विकत घेताय. उत्तर: नवीन तळमजला. जुना तळमजला आणखी ३०-४० वर्षं टिकणार असेल तर ते २२ लाख वाया. दहा वर्षांत पोपडे पडून सळई दिसायला लागणार असेल, तर वर घातलेले २९ लाख वाया.

हे फुटाच्या दरावरून कळत नाही, खड्डा खणून कळतं.

आमच्या गच्चीवर चारही कोपऱ्यांत कॉलमच्या सळया वर काढून ठेवलेल्या होत्या. ‘पुढे मजला चढवायचा’ म्हणून. पुण्यात अशी अर्धी घरं असतील. बाबांचा त्या सळयांवर फार जीव. ‘पाया दोन मजल्यांचा घेतलाय’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. आईने ३८ वर्षं त्यांनाच दोरी बांधून कपडे वाळत घातले. इंजिनिअर आले, त्यांनी सळईवरचा गंज खरवडला आणि मुळाशी व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला. १६ मिलिमीटरची सळई साडेबारा भरली. मला म्हणाले, “काका, यावर आता कपडेच वाळत घाला.” आत काँक्रीटमध्ये मात्र सळई ठीक होती. म्हणून जुनी टोकं कापली, कॉलमच्या डोक्यावरचं काँक्रीट फोडून चांगली सळई उघडी केली आणि रिबारिंग करून, म्हणजे भोकं पाडून केमिकलने नवीन सळया बसवून, वरचे कॉलम उचलले.

बाबांच्या ट्रंकेत जुना स्ट्रक्चरल नकाशा निघाला, तपकिरी पडलेला अमोनिया प्रिंट. त्यात फुटिंग (कॉलमच्या तळाचा काँक्रीटचा पाया) चार फूट बाय चार फूट, खोली पाच फूट, खाली मुरूम. घराच्या मागच्या कोपऱ्यात खड्डा घेतला तर फुटिंग सव्वातीन फुटांचं निघालं. साडेतीन फूट खोलीवरच काम उरकलेलं, खाली काळी माती. तेव्हाच्या ठेकेदाराने काय केलं ते उघड आहे. तो आता हयात नाही, बाबाही नाहीत, भांडायचं कोणाशी? दुसऱ्या कोपऱ्यात खड्डा घेतला, तिथे फुटिंग नकाशाप्रमाणे होतं. म्हणून तुमच्याकडे एका खड्ड्यावर भागवू नका, निदान दोन घ्या, आणि त्यातला एक पावसाचं पाणी मुरतं त्या बाजूला.

दुसरी तपासणी स्वस्त आणि डोळ्यांना दिसणारी. कॉलमला छोटं भोक पाडून त्यावर फिनॉल्फथॅलीन नावाचं रसायन मारतात. काँक्रीट निरोगी असेल तर गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा अल्कलीपणा गेला असेल तर रंग येत नाही, आणि अशा काँक्रीटमध्ये ओल गेली की सळई गंजते. आमच्याकडे बाथरूमजवळच्या कॉलमला सव्वा इंचापर्यंत रंगच आला नाही. सळई इंचभर आत होती. पाचापैकी पहिलं जॅकेट त्यालाच बसलं. याशिवाय काँक्रीटची ताकद बघायला हॅमर टेस्ट (हातोडी ठोकून), अल्ट्रासोनिक (आरपार ध्वनिलहरी सोडून), एखादा कोअर (नळीसारखा तुकडा कापून). सगळं मिळून आम्हाला ५५ हजार लागले. आर्किटेक्टला पहिला चेक देण्याआधी हा खर्च करा.

भूकंपाचंही विचारा. २०१६ च्या भूकंप-नकाशात पुणे झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात, होतं आणि कोयनेचा १९६७ चा धक्का इथेही जाणवला होता. कॉलममधल्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा सांध्याजवळ दाट घ्यायच्या, हे सांगणारं आयएस १३९२० हे मानक १९९३ चं. तुमचं आमचं घर त्याच्या आधीचं. तेव्हा रिंगा सर्रास आठ-आठ इंचांवर बांधत. एक मजला असताना जे चालून गेलं ते दोन मजल्यांना चालेलच असं नाही.

वजन कमी ठेवणं मात्र आपल्या हातात असतं. दहा फूट उंच, नऊ इंची विटांची भिंत लांबीच्या एका फुटाला ४०० किलोच्या आसपास जाते. चार इंची एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची भिंत गिलाव्यासकट त्याच्या एक तृतीयांशही नाही. गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा जुना कोबा आम्ही काढला, तो चौरस फुटाला २० किलो धरला तरी १५ टनांच्या वर भरतो. एवढं वजन स्लॅबवरून उतरलं. फक्त तो मे महिन्यात काढा. आमचा ठेकेदार लांबवत राहिला आणि पावसाळ्यात उघड्या स्लॅबमधून स्वयंपाकघरात ओट्यावर पाणी ठिबकत होतं. वर काम चालू असताना खाली राहणं म्हणजे भाडं वाचतं, पण आईला अकरा महिने सिमेंटचा खोकला होता. तो कुठल्या अंदाजपत्रकात नसतो.

तुमचं घर आरसीसी फ्रेमचं (कॉलम-बीमवर उभं) नसून भिंतींवर स्लॅब असलेलं असेल, तर आरसीसी मजल्याचा विचारच सोडा. हलकं स्टील आणि डेक शीट (पन्हाळी पत्रा, त्यावर पातळ काँक्रीट) चालेल का, एवढंच विचारा. चालत नसेल तर पाडा. पानशेतच्या १९६१ च्या पुरानंतर वसलेल्या भागांत अशी घरं पुष्कळ आहेत.

परवानगी दोन्हीला लागते, ‘आतल्या आत उरकून टाकू’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. तुमच्या प्लॉटवर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) १.१ धरला तरी २३०० फुटांच्या वर बसतात, त्यामुळे १७०० ला अडचण नाही. पण पाडलंत की आजच्या नियमाने सामासिक अंतरं (घराभोवतीची मोकळी जागा) सोडावी लागतात आणि रस्तारुंदीची रेषा प्लॉटमधून जात असेल तर तेवढी जागा जाते. माझ्या मावसभावाचं बिबवेवाडीतलं घर असंच खालून बारीक झालं. ही रेषा आधी बघून घ्या. मिळकतकरही लक्षात ठेवा: वाढीव बांधकामात नव्या मजल्यालाच नवा दर लागतो, पाडून बांधलं की सगळ्या घराला. स्वतः राहात असाल तर ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरा. आणि मालमत्ता पत्रकावर अजून वडिलांचं नाव असेल तर बहिणींच्या सह्या आत्ताच घ्या, लग्नाच्या गडबडीत कोणी सापडत नाही.

माझं मत विचाराल तर: दोन्ही खड्ड्यांत फुटिंग मुरमावर बसलेलं निघालं आणि जॅकेटिंग दोन-तीन कॉलमपुरतं असेल तर डोळे झाकून मजला चढवा. अर्ध्याहून जास्त कॉलमना जॅकेट सांगितलं, तर पाडा. आमचे बारापैकी पाच होते आणि एक फुटिंग रुंद करून घ्यावं लागलं. २२ लाख जवळ असते तर आम्ही पाडलं असतं, नव्हते म्हणून नाही पाडलं.

खड्डा पावसाळ्याआधी घ्या. आमचा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घेतला, रात्रीत तो तुडुंब भरला आणि इंजिनिअर येईपर्यंत मी आणि भाऊ बादलीने पाणी उपसत होतो.